चोपडेबाईंचं सोयींचं रजिस्टर

चोपडेबाई आधी हसायच्या आणि मग गंमत सांगायच्या. त्यामुळे ऐकणाऱ्याची पंचाईत व्हायची. त्या टेबलावर थाप मारून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसून घ्यायच्या, चष्मा काढून पदराने पुसायच्या, आणि समोरचा माणूस अर्धवट हसत नुसता उभा. प्रत्यक्ष गंमत येईपर्यंत तोही खरोखर हसायला लागलेला असे, आणि मग गंमत काय होती याला फारसं महत्त्व उरत नसे.

मोताळ्याच्या बाहेर, रस्त्याला लागून, आमच्या बियाणे कंपनीचा प्लँट होता. कपाशीचं आणि सोयाबीनचं बियाणं तिथे चाळलं जाई, त्याला औषध आणि रंग लावून पिशव्या भरल्या जात. रंग गुलाबी. हंगामात प्लँटमधल्या प्रत्येकाची बोटं गुलाबी असत, आणि पगारपत्रकावर सह्या-अंगठ्यांच्या बाजूला गुलाबी ठसे उमटत. चोपडेबाई ही पगारपत्रकं करायच्या. धामणगाव बढ्याहून रोज स्कूटीवर येत. डोक्याला रुमाल, त्यावर हेल्मेट, आणि हेल्मेटच्या आत चालू असलेलं गाणं, जे गेटवरच्या वॉचमनला त्या दिसायच्या आधी ऐकू येई. घरी नवरा भाजीपाल्याची शेती बघायचा. त्यांच्या डब्यात मिरचीचा ठेचा इतका असे, की शेजारी बसणाऱ्याला नुसत्या वासाने ठसका लागायचा.

मी तिथे फील्डचा अधिकारी होतो. गावोगाव फिरून शेतकऱ्यांचे बीजोत्पादनाचे प्लॉट बघायचे, हे माझं काम. कंपनीने राहायला क्वार्टर दिलं होतं, फिरायला जीप दिली होती. या गोष्टी फुकट मिळतात असं मी कित्येक वर्षं समजत होतो. पगाराशिवाय कंपनी जे काही देते त्याचीही किंमत धरून सरकार त्यावर कर घेतं, हे मला पहिल्यांदा चोपडेबाईंनी सांगितलं. कायद्यात त्याला मोठं नाव आहे. बाई त्याला ‘सोयी’ म्हणायच्या. कॉम्प्युटर आला, सगळं त्यात जायला लागलं, तरी सोयींचं एक जाड रजिस्टर त्यांनी हाताने लिहिणं सोडलं नाही.

“जे अंगाले लागलं, ते कागदाले लागलं पाह्यजे,” असं त्या म्हणायच्या. दर मार्चमध्ये निदान दहा वेळा.

मार्चमध्ये त्या सातही क्वार्टर्सची पाहणी करायच्या. कंपनीने असं काही सांगितलेलं नव्हतं. स्टोअरच्या यादीवरून टेबलाशी बसून काम भागलं असतं. पण बाईंचा यादीवर विश्वास नव्हता. त्या रजिस्टर आणि शिंप्याची टेप पर्समध्ये टाकून दुपारी निघायच्या, आणि हळूहळू तो क्वार्टर्समधला एक सणच झाला होता. बायका आधीपासून तयारीत असायच्या. कुठे धिरडी, कुठे शेवयांची खीर. बाई प्रत्येक घरी बसायच्या, खायच्या, पोराबाळांची चौकशी करायच्या, आणि बोलता बोलता पंखे मोजायच्या. कपाट कंपनीचं की सासऱ्याने दिलेलं, हे त्यांना कपाटाचं दार उघडायच्या आवाजावरून कळायचं म्हणे. उठताना, “वहिनी, खीर झ्याक होती. पन हा दुसरा पंखा यादीत नव्हता बरं का,” असं म्हणून त्या टीप करायच्या. कोणालाही राग आलेला मी पाहिला नाही.

राग एकदाच आला, तो मॅनेजरसाहेबांना. कंपनीच्या बागेसाठी एक माळी होता. साहेबांनी त्याला बंगल्यामागच्या स्वतःच्या प्लॉटमध्ये वांगी लावायला सांगितली, आणि माळी सकाळचा अर्धा दिवस तिथेच असायचा. बाईंनी माळ्याचा अर्धा पगार साहेबांच्या सोयींत लिहिला. साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं, म्हणून आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

“बाई, माळी कंपनीचा, पाणी कंपनीचं. माझी कसली सोय?”

“माळी कंपनीचा, पानी कंपनीचं, समदं बराबर हाये साहेब. वांगी कोन खाल्ली?”

“अहो, कितीशी वांगी!”

“किती ते नाही विचारलं म्या. कोन ते विचारलं.”

दुसऱ्या दिवशी साहेबांनी एक मोठी टोपली भरून वांगी ऑफिसात पाठवली. घ्या, आता सगळ्यांनीच खाल्ली. बाई खूश. त्यांनी कँटीनच्या मागे काड्यांचा जाळ करून स्वतः वांगी भाजली, प्लँटभर भरीत वाटलं, हमालांना आधी, साहेबांना शेवटी. आणि संध्याकाळी जायच्या आधी रजिस्टरमध्ये लिहिलं: ‘आजचे वांगे सर्वांनी खाल्ले. मी पण.’ साहेबांच्या नावावरून मात्र काहीच कमी केलं नाही. त्या दिवसाआधीची वांगी साहेबांचीच होती.

बाई बेरीज तोंडी करायच्या आणि मग कॅल्क्युलेटरवर ताडून बघायच्या. बेरीज जुळली की कॅल्क्युलेटरला शाबासकी. त्यांचा चहा बशीत असे. बशी ओठाला लावल्यावर फोन वाजला तर फोनने थांबायचं, चहाने नाही. पंचविशीतल्या पोराला आणि मोठ्या साहेबांना त्या एकाच सुरात बोलायच्या. एकदा चुकून साहेबांनाच “थांब बे” म्हणाल्या. साहेब थांबले.

आता माझ्यावर येतो. आलो नसतो, पण त्याशिवाय बाई पुऱ्या होत नाहीत.

माझी बायको वर्षा मुलीला घेऊन बुलढाण्याला भावाकडे गेली, तेव्हा आमची ओवी अकरा वर्षांची होती. का गेली, ते इथे लिहिण्यात अर्थ नाही. एवढंच लिहितो की दोष बराचसा माझा होता आणि तेव्हा मला तो अजिबात दिसत नव्हता. मला फक्त अपमान दिसत होता. काही महिन्यांनी कोर्टाचं पाकीट आलं. वर्षाने स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. ती शिवणकामाचे क्लास घेऊ लागली होती. तिने ओवीसाठी पोटगी मागितली होती. दोघांनीही आपापल्या मिळकतीचं शपथपत्र द्यायचं होतं, त्यावरून कोर्ट रक्कम ठरवणार.

माझे वकील म्हणाले, “हातात येणारा पगार तेवढा लिहा. घर, गाडी हे काही पैसे नाहीत. भिंतीचा तुकडा तोडून मुलीला देता येतो का?”

मला ते फार पटलं. पटायला मी टपलेलोच होतो. मी चोपडेबाईंकडे गेलो आणि नुसत्या हातातल्या पगाराचा दाखला मागितला.

“सोयी नको लिहू?”

“नको. साधा द्या.”

“कशाले पाह्यजे?”

“बँकेत द्यायचाय. कर्जासाठी.”

बाई हसायला लागल्या. नेहमीप्रमाणे आधी हसू. मी उभा. चष्मा पुसून झाल्यावर त्या म्हणाल्या, “साहेब, बँकेत मानूस पगार जास्त दाखवते. कमी दाखवाले मानूस दोनच जागी जाते. एक राशनच्या दुकानात, नाही तं कोर्टात. तुमचं राशनकार्ड तं पांढरं हाये.”

“साधाच द्या,” मी म्हणालो. बाईंचं हसू थांबलं. त्यांनी दाखला करून दिला, मी मागितला तसाच. देताना एवढंच म्हणाल्या, “उद्या कोर्टानं मागतलं तं मी समदं नेईन बरं. तुम्ही आधी सांगतलं तं तो हिशोब. म्या सांगतलं तं चोरी.”

तरीही मी तो दाखला जोडून शपथपत्र दिलं. घर नाही, वाहन नाही, इतर लाभ नाहीत, अशा तीन ओळींखाली माझी सही आहे. पुढे जाऊन वकिलांमार्फत मी असंही मांडलं की मुलगी मामाच्या घरी राहते, तिला भाड्याचा खर्च नाही, तेव्हा तेवढी रक्कम कमी धरावी. ही ओळ माझी होती, वकिलांची नव्हे. ती मला सुचली तेव्हा मी स्वतःवर खूश झालो होतो.

पण बाईंचं ते वाक्य डोक्यातून जाईना. समजा कोर्टाने खरंच मागवलं, तर? घर मी सोडू शकत नव्हतो, जीपशिवाय काम होणार नव्हतं. मग मला एक शक्कल सुचली. घरातलं सामानही सोयींत धरतात, ते तरी कमी करावं. मी कंपनीचा पलंग, गादी, फ्रिज आणि कूलर स्टोअरला परत केले. पावती घेतली. महिना मे होता.

मोताळ्याचा मे ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना मी काय सांगू? दुपारी नळाच्या पाण्यात हात धरवत नाही. सिमेंटची जमीन संध्याकाळनंतर आत साठवलेलं ऊन बाहेर सोडायला लागते. मी त्या जमिनीवर चटई टाकून पडायचो. शेजारच्या बिऱ्हाडातल्या मुलांनी माझं नाव पाडलं होतं, ते मला पुढे कळलं: कूलर परत करणारा काका. अख्ख्या तालुक्यात तसा दुसरा नव्हता.

स्टोअरची पावती बाईंकडे पोचली, आणि मार्च नसताना त्या पाहणीला आल्या. भर दुपारी. मी दार उघडलं, त्यांनी रिकाम्या खोलीवरून नजर फिरवली आणि सरळ माझ्या चटईवर फतकल मारून बसल्या. पदराने वारा घेत रजिस्टर उघडलं.

“पानी तं देसान? का माठ बी परत केला?”

मी पाणी दिलं. त्या पिऊन म्हणाल्या, “सामानाची सोय कशी धरतात, ठाव हाये? किमतीचा दहावा हिस्सा, सालाचा. कूलर कितीचा होता?”

“सहा हजार.”

“म्हंजे सालाचे सहाशे. महिन्याचे पन्नास.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “पन्नास रुपये, साहेब. फ्रिज पंधरा हजाराचा, सव्वाशे. पलंग-गादी नऊ हजार, पंचाहत्तर. समदे मिळून अडीचशे. कोर्टानं त्याच्यातला चौथा हिस्सा जरी पोरीले देला असता तं साठ-बासठ रुपये.”

आणि मग सुरू झालं. त्या हसत सुटल्या. हसताना चटईवर मागे कलल्या, जमिनीचा चटका हाताला बसला, “अगं माय!” म्हणून हात झटकला आणि त्यावर पुन्हा हसल्या. “साठ रुपयांपाई मानूस भाजून राह्यला! आमच्या वांग्याले बी आम्ही एकदाच भाजतो, रोज नाही भाजत!”

मला आधी संताप आला. मग मीही हसायला लागलो. कित्येक महिन्यांनी. दोघं त्या रिकाम्या खोलीत घामाने निथळत हसत होतो, आणि शेजारच्या वहिनी खिडकीतून बघत होत्या, की या माणसाचं डोकं शेवटी फिरलंच.

हसू ओसरल्यावर बाईंनी रजिस्टर मिटलं. आता त्या मला ‘साहेब’ म्हणत नव्हत्या.

“सुनीलभाऊ, एक सांगा. ओवी मामाच्या घरी राह्यते, ते तिच्यासाठी फुकट. असं तुमचं म्हननं.”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“तुमच्या वकिलाचा कारकून आमच्या गावचा हाये. ते सोडा. तिचं फुकट राह्यनं हे मोजाचं. अन् तुमचं फुकट राह्यनं हे काहीच नाही? भिंत तोडून देता येत नाही, बराबर हाये. पन भिंतीचं भाडं तुम्ही कोनाले देता? कोनालेच नाही. मंग ते पैसे जातात कुठं?”

ते पैसे माझ्या बँकेत पडत होते. बाईंना ते माहीत होतं. पगार त्याच तर करत होत्या.

“सरकारी कराचं सोडून द्या,” त्या उठता उठता म्हणाल्या. “सरकारले आकडा पाह्यजे असते. पोरीले बाप पाह्यजे असते. दोघांचा कागद येगळा असते भाऊ.”

पुढच्या तारखेला मी नवं शपथपत्र दिलं. त्याला बाईंनी करून दिलेलं सोयींचं पान जोडलं: घर, सामान, जीप, फोन. वकील माझ्यावर चिडले. आधीचं शपथपत्र चुकीचं होतं, हे मला स्वतःच्या तोंडाने सांगावं लागलं. न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, ते बघणं मला अजून आठवतं.

पण खरं बोललो म्हणून सगळं सुरळीत झालं असंही नाही. वर्षाच्या वकीलबाई हुशार होत्या. पानावर जीप दिसताच त्यांनी जीपचं डिझेल, दुरुस्ती, विमा, सगळं माझ्या उत्पन्नात धरलं. तो आकडा माझ्या पगाराच्या निम्म्यावर गेला. त्या हिशेबाने पोटगी ठरली असती तर मला दर महिन्याला उसने घेऊन भरावी लागली असती. कोर्टाने कंपनीला कागद घेऊन यायला सांगितलं. म्हणजे चोपडेबाईंना.

जीपच्या लॉगबुकाचं सांगायचं राहिलं. जीप किती किलोमीटर कुठे गेली, याची वही मला ठेवावी लागे. वर्षा गेल्यापासून दर रविवारी मी राजूर घाट चढून बुलढाण्याला जायचो. वहीत लिहायचो, ‘खाजगी’. बाईंनी वही परत पाठवली. “खाजगी म्हंजे काय? लग्न, का तेरवी? काय ते लिहा.” मी वैतागून खरं ते लिहिलं: ‘मुलीला पाहणे’. पुढच्या रविवारीही तेच. हळूहळू ती ओळ मी न वाचता लिहायला लागलो.

कोर्टात बाई लग्नाला जावं तशा आल्या. जरीकाठाची साडी, केसांत गजरा, हातात रजिस्टर आणि लॉगबुकं. सुरुवातीला त्यांनी पुस्तकी भाषेत बोलायचा प्रयत्न केला. दोन मिनिटं टिकला.

वकीलबाईंनी विचारलं, “या गाडीचा सगळा खर्च कंपनी करते, बरोबर?”

“हो.”

“म्हणजे तो यांचा फायदा झाला.”

“मॅडम, सोमवार ते शनिवार या गाडीच्या मांगच्या सीटवर काय असते, पाह्यलं काय तुम्ही? बियाच्या गोण्या, मातीचे नमुने अन् मेलेल्या अळ्यांच्या बाटल्या. त्याच्यानं लेकराचं पोट भरत असन तं लिहून घ्या फायदा.”

मागच्या बाकांवर कोणीतरी हसलं. न्यायाधीश म्हणाले, “बाई, मुद्द्याचं बोला.”

“मुद्द्याचंच हाये साहेब. गाडी कामाले लागली, ते कंपनीचं. रविवारी यांच्या अंगाले लागली, तेवढंच यांचं. कर घेताना सरकार इतकं बारीक पाहत नाही. महिन्याचा एक ठरलेला आकडा लावते. पन कराचा आकडा अन् खरा फायदा हे काही जुळे भाऊ नाहीत. चुलतभाऊ हायेत. कधी जुळते, कधी नाही.”

माझे वकील आनंदाने उभे राहिले. “म्हणजे क्वार्टरसुद्धा कामासाठीच दिलेलं आहे. तेही सोडून द्यायला हवं.”

“नाही साहेब,” बाई वळून म्हणाल्या. “घरात कोनी अळ्या ठेवत नाही. घरात हे झोपतात. ते धराच लागन. पन कराचा आकडा नका धरू. तो पगाराच्या टक्क्यानं निंघते, मोताळ्यात इतकं भाडं कोनी देत नाही. येता येता म्या तीन जागी विचारून आली. दोन खोल्यांचे साडेचार हजार. इतके यांचे दर महिन्याले वाचतात. ते पोरीच्या हिशोबात आले पाह्यजे.”

माझे वकील खाली बसले. वकीलबाईही बसल्या. एकाच माणसाने एकाच दमात दोन्ही बाजूंना गप्प केलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

न्यायाधीशांनी लॉगबुक मागून घेतलं. पानं उलटत ते वाचायला लागले, आधी मनात आणि मग मोठ्याने. “रविवार, मोताळा ते बुलढाणा ते मोताळा, मुलीला पाहणे. रविवार, मुलीला पाहणे. रविवार, मुलीला पाहणे.” ते थांबले. “दर रविवारी?”

वर्षा पहिल्यांदाच बोलली. “खोटं आहे साहेब. हे एकदाही घरी आले नाहीत.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सांगितलं, घरासमोर रस्त्याच्या पलीकडे जीप उभी करून बसायचो. दहाच्या सुमाराला ओवी गच्चीवर केस वाळवायला येते. ती खाली गेली की मी परत निघायचो.

चोपडेबाई या वेळी हसल्या नाहीत. त्यांनी नुसतं रजिस्टर छातीशी धरलं.

बाहेर टायपिंगवाल्यांच्या रांगेजवळ वर्षा माझ्याजवळ आली. आठ महिन्यांत आम्ही एकमेकांशी थेट बोललो नव्हतो.

“वर यायला काय झालं होतं?”

“तोंड नव्हतं.”

ती जरा वेळ पदराचं टोक दुमडत राहिली. मग म्हणाली, “या रविवारी वर या. जिलबी आणू नका, तिचे दात दुखतात.” आणि निघून गेली.

निकाल बाईंच्या हिशेबाच्या जवळपासच लागला. घर धरलं, जीप रविवारपुरती धरली, फोन सोडला. रक्कम मला हवी होती त्याहून जास्त होती आणि मला देता येईल एवढी होती. वर्षा आणि मी पुन्हा एकत्र आलो नाही. ते व्हायचं नव्हतं. पण ओवी दिवाळीत आणि उन्हाळ्यात माझ्याकडे राहायला यायला लागली.

पहिल्या उन्हाळ्यात ती यायच्या आदल्या दिवशी स्टोअरची ढकलगाडी माझ्या दारात थांबली. वर कूलर, आणि मागून ढकलणाऱ्या माणसांना “अरे हळू, नाजूक हाये तो, लई फिरून आला बिचारा” असं सांगत येणाऱ्या चोपडेबाई. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या, ओवीला जवळ बसवलं, रजिस्टर तिच्या मांडीवर ठेवलं आणि नोंद तिच्याच हाताने करून घेतली. ओवीने विचारलं, “काकू, बाबांनी कूलर परत का केला होता?” बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. “तुह्या बाबाले थंडी वाजली होती,” त्या म्हणाल्या, आणि इतक्या हसल्या की ओवी काही न कळता त्यांच्या अंगावर पडून हसायला लागली.

खरं कारण मी ओवीला अजून सांगितलेलं नाही. हे ती वाचेल तेव्हा कळेल.

पुढे बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या समारंभात साहेबांनी भाषण केलं, शाल दिली. बाईंनी शालीची किंमत विचारली. सगळे हसले. त्यांना मात्र किंमत खरंच हवी होती, रजिस्टरात लिहायला.

त्यानंतर गेल्या हिवाळ्यातली एकच भेट. ओवी नुकतीच अठरा वर्षांची झाली होती, कॉलेजच्या सुट्टीत आली होती. मोताळ्याच्या आठवडी बाजारात आम्ही भाजी घेत फिरत होतो आणि मेथीच्या ढिगामागून आवाज आला, “सुनीलभाऊ! आंधळे झाले काय?” नवऱ्याबरोबर त्या स्वतःच्या शेतातला माल घेऊन बसल्या होत्या. केस पुरते पांढरे. ओवीला त्यांनी पायापासून डोक्यापर्यंत पाहून घेतलं, दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. नवऱ्याला म्हणाल्या, “हेच ते. जीपवाले.” नवऱ्याने ओळख असल्यासारखी मान हलवली. तेव्हा मला कळलं, की धामणगावच्या त्या घरात आमची गोष्ट कित्येकदा सांगून झालेली आहे.

बाजार उठायला आला होता. त्यांचा टेम्पो भरत होता. ओवी पलीकडे पेरू घेत होती, तेवढ्यात बाई माझ्याजवळ सरकल्या.

“अठरा पुरी झाली ना? कोर्टाचा हुकूम तं सज्ञान होईपर्यंतचाच होता.”

“हो. गेल्या महिन्यात संपला.”

“मंग?”

त्यांचे डोळे माझ्यावर होते. आता कोणतंही कोर्ट विचारणार नव्हतं, कोणाचं शपथपत्र नव्हतं.

“चालू ठेवलंय,” मी म्हणालो. “मधल्या पगारवाढी धरून पुन्हा मोजलं. शिक्षण होईपर्यंत देणार.”

“कोनी मोजून देलं?”

“मीच मोजलं.”

त्यांनी मला आकडा विचारला. मी सांगितला. बाईंनी डोळे मिटले, ओठ हलायला लागले, एका हाताची बोटं दुसऱ्या हाताच्या तळव्यावर चालायला लागली. बेरीज जुळली असावी. कारण त्यांनी डोळे उघडले आणि माझ्या पाठीत एक सणसणीत थाप मारली. मी मेथीवर पडता पडता राहिलो.

टेम्पो निघाला. मागच्या बाजूला रिकाम्या क्रेट्सवर चोपडेबाई पाय सोडून बसल्या होत्या. आम्हाला बघून त्यांनी एक हात वर केला, मग दुसराही केला. रस्ता खड्ड्यांचा, टेम्पो हेलकावे खात होता. नवरा आतून ओरडत होता, “अवं, धर नं कुठं तरी! पडशीन!” बाईंनी कुठेही धरलं नाही. वळण येईपर्यंत त्या दोन्ही हात हलवत होत्या, आणि इतक्या लांबूनही दिसत होतं की हसत होत्या.